माशाच्या रक्तातली पन्हळ

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढून झाली आणि जाळ्यातला मासा वाळूवर पसरला, की पेडवे, तारल्या आणि बांगडे यांच्या चकाकत्या राशीत चारदोन लेपे हमखास सापडतात. लेपा नुसता विकत घेऊन पिशवीत टाकण्याऐवजी एकदा हातात धरून नीट पाहावा. त्याची एक बाजू वाळूच्या रंगाची, मातकट तपकिरी असते आणि दुसरी पांढरीफटक. दोन्ही डोळे मातकट बाजूला एकमेकांना खेटून बसलेले असतात, पांढऱ्या बाजूला मात्र डोळ्याचा मागमूसही नसतो. अंड्यातून बाहेर आलेले लेप्याचे पिल्लू असे नसते. ते इतर माशांसारखे उभे पोहते आणि त्याचा एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे असतो. पुढे एका ठरलेल्या काळात त्याचा उजवा डोळा कवटीवरून सरकत डावीकडे येतो, कवटीची हाडे त्याप्रमाणे वळतात, कातडीचा रंग एका बाजूला गडद होतो आणि पिल्लू तळाच्या वाळूवर आडवे होऊन राहू लागते.

हा सगळा बदल थायरॉइड संप्रेरकांच्या हुकमाने होतो. जपानमध्ये मिळणाऱ्या, लेप्यासारख्याच एका चपट्या माशावर इनुई आणि मिवा या संशोधकांनी केलेले प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाले. पिल्लांच्या पाण्यात थायरॉक्सिन हे थायरॉइड संप्रेरक घातले तर रूपांतर लवकर झाले आणि संप्रेरकाची निर्मिती रोखणारे थायोयुरिया घातले तर पिल्ले उभीच पोहत राहिली. म्हणजे डोळा, हाड, कातडी, स्नायू आणि आतडे या सर्वांपर्यंत एकच निरोप, साधारण एकाच सुमारास आणि पुरेशा प्रमाणात पोहोचावा लागतो. तो पोहोचतो कसा, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर रक्तातल्या काही प्रथिनांपाशी आहे, आणि त्या प्रथिनांच्या कामाविषयी सुशिक्षित माणसांच्याही मनात एक अपुरी समजूत असते, म्हणून ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी संप्रेरकांची ओळख करून घेऊ. माणसाच्या गळ्यात थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची एकसंध ग्रंथी असते. बहुतेक हाडाच्या माशांत तशी एकसंध ग्रंथी नसते. कल्ल्यांच्या खाली, हृदयाकडून कल्ल्यांकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या भोवती, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म पुटिका विखुरलेल्या असतात आणि त्याच थायरॉइडचे काम करतात. मासा साफ करताना आपण कल्ले उपटून काढतो, तेव्हा त्यांच्या बुडाशी चिकटून येणाऱ्या लालसर मऊ भागात माशाची ही विखुरलेली ग्रंथीही बहुधा निघून जाते. कूपा किंवा पोपटमासा यांच्या काही जातींत मात्र ती बऱ्यापैकी एकत्र आलेली आढळते.

या पुटिका मुख्यत्वे थायरॉक्सिन तयार करतात. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असल्यामुळे त्याला टी-४ म्हणतात. आयोडीन हा इतका जड अणू आहे की टी-४च्या एकूण वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग या चार अणूंचाच असतो. चारांपैकी एक विशिष्ट अणू काढून टाकला की टी-३ तयार होते आणि पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना चालना देण्याचे काम प्रामुख्याने हे टी-३ करते. माशांत टी-४चे टी-३ करण्याचे काम थायरॉइडच्या बाहेर, यकृतासारख्या अवयवांमध्ये, मोठ्या प्रमाणावर होते. टी-४ हा साठ्याचा माल आणि टी-३ हा वापराचा माल, असे ढोबळमानाने समजायला हरकत नाही.

आता अडचण अशी, की हे दोन्ही रेणू पाण्यात सहज मिसळत नाहीत. त्यांचा स्वभाव तेलकट आहे. सारावर तेलाचा तवंग जसा पाण्यापासून अलग राहून भांड्याच्या कडेला चिकटू पाहतो, तसे हे रेणू रक्तातल्या पाण्यापेक्षा पेशींच्या स्निग्ध पटलांकडे ओढले जातात. रक्तवाहिनीत सोडलेले संप्रेरक वाटेत भेटणाऱ्या पहिल्याच पेशींच्या पटलांत मुरू लागते. निरोप तयार झाला, पण तो पहिल्याच घरात अडकून बसला, तर शेवटच्या घराला त्याचा काय उपयोग?

आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत हाच प्रश्न पाण्याच्या बाबतीत येतो, आणि तो जुन्या माणसांनी ज्या रीतीने सोडवला ती रीत इथे उपयोगी पडेल. विहिरीवरच्या रहाटाने वर आलेले पाणी रेताड जमिनीतल्या उघड्या पाटाने सोडले, तर विहिरीजवळची पाचसहा झाडे भरपूर पितात आणि कुंपणाकडची झाडे कोरडी राहतात, कारण पाटाच्या वाळूतच निम्मे पाणी जिरते. म्हणून पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून, त्याच्या पन्हळी करत. पन्हळीतून जाणारे पाणी वाटेत जिरत नाही आणि जिथे हवे तिथल्या आळ्यात पडते. रक्तातली वाहक प्रथिने संप्रेरकासाठी पन्हळीचेच काम करतात. फरक एवढाच, की पन्हळ एका जागी स्थिर असते आणि तिच्यातून पाणी वाहते; प्रथिने मात्र रक्ताबरोबर स्वतःही वाहत असतात आणि संप्रेरकाचा रेणू त्यांच्यावर बसतो, सुटतो, पुन्हा दुसऱ्या प्रथिनावर बसतो. हे बसणे-सुटणे सेकंदांच्या हिशेबात अव्याहत चालू असते.

ही उपमा मी केवळ सोयीसाठी घेतलेली नाही, तिला प्रयोगाचा आधार आहे. कार्ल मेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली उंदराच्या वर्गातल्या रॅट या प्राण्याच्या यकृतावर केलेला प्रयोग या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो. यकृताच्या सूक्ष्म खंडिकांत रक्त एका कडेने शिरते आणि पेशींच्या रांगांमधून वाट काढत मध्यावरच्या शिरेतून बाहेर पडते. ही रचना म्हणजे एका टोकाला विहीर असलेल्या वाडीचेच सूक्ष्म रूप. संशोधकांनी माग काढता येईल असे किरणोत्सारी थायरॉक्सिन द्रावात मिसळून ते यकृतातून वाहू दिले. द्रावात प्रथिने नव्हती तेव्हा जवळजवळ सगळे थायरॉक्सिन प्रवेशाच्या कडेच्या पेशींनी शोषून घेतले आणि पुढच्या पेशी रिकाम्या राहिल्या. द्रावात वाहक प्रथिने घातली तेव्हा तेच थायरॉक्सिन खंडिकेतल्या सर्व पेशींमध्ये एकसारखे पसरले.

अपुऱ्या समजुतीचा उल्लेख वर केला, ती समजूत आता सांगतो. रक्ततपासणीच्या अहवालात 'फ्री टी-४' असा एक आकडा असतो आणि डॉक्टर त्याला महत्त्व देतात. त्यावरून पुष्कळांना वाटते, की मोकळे संप्रेरक तेवढे खरे आणि प्रथिनांना बांधलेले संप्रेरक म्हणजे अडकून पडलेला, निकामी माल. यातला पहिला भाग बरोबर आहे, कारण पेशीत शिरते ते मोकळे संप्रेरकच. माणसाच्या रक्तात टी-४च्या दहा हजार रेणूंपैकी जेमतेम दोनतीन मोकळे असतात आणि बाकीचे सर्व प्रथिनांवर असतात, हेही खरे. परंतु मोकळे दोनतीन रेणू पेशीने घेतले की त्याच क्षणी प्रथिनांवरचे तितकेच सुटून त्यांची जागा घेतात, आणि म्हणूनच शरीराच्या कानाकोपऱ्यात मोकळ्या संप्रेरकाची पातळी सारखी राहते. बांधलेल्या साठ्याशिवाय मोकळ्या संप्रेरकाची पातळी टिकणारच नाही. मेलबर्न विद्यापीठातील गेरहार्ड श्रायबर यांनी या प्रथिनांना नुसते वाहक न म्हणता वितरक म्हणावे असा आग्रह धरला, आणि मला तो पटतो. ओझे उचलणे आणि ते प्रत्येक दारी सारखे वाटणे यांत बराच फरक आहे.

माणसात हे वितरण तीन प्रथिने करतात. त्यांतल्या थायरॉक्सिन बांधणाऱ्या ग्लोब्युलिनचे प्रमाण एका लिटर रक्तद्रवात सुमारे १५ मिलिग्रॅम इतके अल्प असते, पण त्याची पकड सर्वांत घट्ट असल्यामुळे टी-४चा सुमारे तीन चतुर्थांश भाग तेच वाहून नेते. अल्ब्युमिनचे प्रमाण त्याच रक्तद्रवात ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कित्येक पटींनी जास्त असते, मात्र त्याची पकड सैल असते. ट्रान्सथायरेटिन हे तिसरे प्रथिन दोन्ही बाबतींत मधले आहे. एक घट्ट धरणारा, एक सैल धरणारा आणि एक मधला, असे तिघे असल्यामुळे संप्रेरक फार अडकूनही राहत नाही आणि फार सांडतही नाही.

माशांकडे वळले की चित्र बदलते. माशांच्या रक्तात ते घट्ट पकडीचे ग्लोब्युलिन नसते. ती व्यवस्था सस्तन प्राण्यांमध्ये पुढे आली. अल्ब्युमिनची गोष्ट तर अधिक चमत्कारिक आहे. सामन माशांच्या कुळात अल्ब्युमिन आहे, पण प्रयोगशाळांत सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या झेब्रा माशात अल्ब्युमिनचे जनुकच नाही. माणसाच्या रक्तद्रवात जे प्रथिन सर्वांत विपुल, त्याच्यावाचून एखादी अख्खी जात सुखाने नांदते, यावरून एकाच प्रथिनावर हे वितरण अवलंबून नसावे हे उघड होते.

मग माशांत हे काम कोण करते? माशांच्या रक्तात स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी मेदप्रथिने असतात आणि सामनच्याच कुळातल्या ट्राउटसारख्या माशांत त्यांचे प्रमाण सस्तन प्राण्यांच्या मानाने बरेच जास्त असते. ज्याला आपण तपासणीच्या कागदावर 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणून ओळखतो, त्या प्रकारची मेदप्रथिने माशांत विशेष भरपूर असतात. ट्राउटवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की त्याच्या रक्तातल्या टी-४ आणि टी-३ यांचा मोठा वाटा या मेदप्रथिनांवरच बसलेला असतो. संप्रेरकाचा तेलकट स्वभाव लक्षात घेतला तर हे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्येक कणाची पकड सैल असली तरी कणांची संख्या इतकी मोठी असते, की एकूण साठा पुष्कळ होतो. याचा परिणाम म्हणून ट्राउटच्या रक्तातही ९९ टक्क्यांहून अधिक संप्रेरक बांधलेलेच असते. बांधणी इथेही कसूनच, फक्त बांधणारे हात निराळे.

आणि मग येते ट्रान्सथायरेटिन, जे या विषयाचा गाभा आहे. हे प्रथिन चार सारख्या तुकड्यांचे बनलेले असते. माणसातला प्रत्येक तुकडा १२७ अमिनो आम्लांची साखळी असतो. हे चार तुकडे एकमेकांना अशा रीतीने जुळतात, की त्यांच्या मधोमध आरपार एक पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत संप्रेरकासाठी दोन जागा असतात. पन्हळीशी असलेले हे साम्य मला फार आवडते, जरी इथे पोकळीतून काही वाहत नसून रेणू तिच्यात येऊन बसत असला तरी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सी-ब्रीम या भूमध्य समुद्रातल्या माशात आणि जपानमधल्या मासू सामनमध्ये या प्रथिनाचा शोध लागला. ते माशांत नसावे, ही तोवरची धारणा त्यामुळे मागे पडली. नंतर लॅम्प्रे या जबडा नसलेल्या आदिम प्राण्यातही ते मिळाले.

माशाच्या ट्रान्सथायरेटिनचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याची आवड. माणसाचे ट्रान्सथायरेटिन टी-४ला जास्त घट्ट धरते आणि टी-३ला सैल. माशाचे, बेडकाचे आणि पक्ष्याचे ट्रान्सथायरेटिन याच्या उलट टी-३ला जास्त घट्ट धरते. प्रथिनाची घडण तीच, मधली पोकळीही जवळजवळ तीच, मग आवड कशी उलटली? प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला साखळीचे जे टोक असते, ते माशांत काही अमिनो आम्लांनी लांब आणि पाण्यापासून दूर राहू पाहणारे आहे, तर सस्तन प्राण्यांत ते आखूड आणि पाण्याशी जुळवून घेणारे झाले आहे. हे टोक पोकळीच्या तोंडाशी हलत असते. थायलंडमधल्या संशोधकांनी मगरीच्या ट्रान्सथायरेटिनचे हे टोक बदलून पाहिले तेव्हा टी-३ आणि टी-४ यांच्याविषयीची त्याची आवडही बदलली. घर तेच ठेवून उंबरठा तेवढा बदलला की आत कोण येणार हे बदलते, असा हा प्रकार आहे.

या बदलाचा अर्थ लावताना श्रायबर आणि त्यांच्या सहकारी सामंथा रिचर्डसन यांनी मांडलेला विचार मला ग्राह्य वाटतो. सस्तन प्राण्यांत रक्तातून मुख्यतः टी-४ म्हणजे साठ्याचा माल फिरवला जातो आणि कोणत्या अवयवात त्याचे किती टी-३ करायचे हे तो अवयव स्वतः ठरवतो. अशा व्यवस्थेत टी-४ला धरणारे प्रथिन सोयीचे. माशांत तयार टी-३चे वितरणही महत्त्वाचे असल्यामुळे टी-३ला जपणारे प्रथिन सोयीचे.

या प्रथिनाचा पूर्वज मात्र वाहक नव्हताच. यूरिक आम्लाच्या विघटनात भाग घेणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, बॅक्टेरियांपासून माशांपर्यंत आढळते, त्याची घडण ट्रान्सथायरेटिनशी इतकी जुळते, की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या उगमाच्या सुमारास त्याच्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली आणि तिच्यापासून ट्रान्सथायरेटिन आले, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. विकराच्या ज्या खाचेत मूळची रासायनिक क्रिया चालत असे, ती जागा बदलत जाऊन संप्रेरकाची बैठक झाली. माशांत दोन्ही प्रथिने आजही आपापली कामे करतात. हाडाच्या माशांत ट्रान्सथायरेटिन तयार होण्याची मुख्य जागा यकृत आहे. मेंदूतले द्रव निर्माण करणाऱ्या जालिकेत ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पुढे.

यांतले एखादे प्रथिन नसले तर काय होते, हा प्रश्न इथे साहजिक आहे. ट्रान्सथायरेटिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात आणि बऱ्याच अंशी निरोगी असतात. घट्ट पकडीचे ग्लोब्युलिन जन्मतः नसलेली माणसेही असतात; त्यांच्या तपासणीत एकूण टी-४ कमी दिसते, पण मोकळे टी-४ ठीक असते आणि त्यांना थायरॉइडचा आजार नसतो. यावरून ही प्रथिने बिनमहत्त्वाची ठरवणे चुकीचे होईल. एक पन्हळ फुटली तर बाकीच्या पन्हळींतून वाडी शिंपता येते, म्हणून पन्हळींची गरजच नाही असे कोणी म्हणत नाही. मेंडेल यांच्या प्रयोगात दिसते ते सगळी प्रथिने एकदम काढल्यावर काय होते ते.

आपल्या स्वयंपाकघराशी जवळचा एक संबंध सांगण्याजोगा आहे. पावसाळ्याच्या आगेमागे बांगड्याच्या किंवा तारलीच्या पोटात गाबोळी मिळते. माशांच्या अंड्यांत आईच्या रक्तातून आलेली थायरॉइड संप्रेरके साठवलेली असतात, हे सामनसह अनेक जातींत दिसून आले आहे. पिल्लाच्या स्वतःच्या पुटिका काम करू लागेपर्यंत त्याला आईने दिलेल्या या शिदोरीवर राहावे लागते. तेलकट स्वभावाचे हे रेणू अंड्यातल्या स्निग्ध बलकात सहज मुरतात. म्हणजे ज्या गुणामुळे रक्तात वाहकांची गरज पडते, तोच गुण इथे साठवणीला उपयोगी पडतो.

शेवटचा मुद्दा खाड्यांचा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. ट्रान्सथायरेटिनच्या पोकळीतली जागा संप्रेरकाच्या आकाराची आहे, पण तिथे बसणारा रेणू संप्रेरकच आहे की नाही हे ती जागा तपासत नाही. संप्रेरकासारखीच, अणूंच्या दोन कड्यांच्या जोडीची घडण आणि आयोडीनच्या जागी क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेले काही औद्योगिक पदार्थ तिथे चपखल बसतात. विद्युत उपकरणांत पूर्वी वापरलेल्या पीसीबी या तेलांपासून शरीरात तयार होणारे पदार्थ आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून वापरली जाणारी काही ब्रोमीनयुक्त रसायने यांत येतात. लाकूड टिकवण्यासाठी वापरले जाणारे पेंटाक्लोरोफिनॉल एकाच कड्याचे असूनही तिथे बसते. यांतले काही रेणू तर माणसाच्या ट्रान्सथायरेटिनला थायरॉक्सिनपेक्षाही घट्ट चिकटतात. असा पदार्थ जागा अडवून बसला की संप्रेरकाला बसायला प्रथिन मिळत नाही, शिवाय तो पदार्थ स्वतःच त्या प्रथिनावर स्वार होऊन शरीरभर फिरू शकतो.

मोठ्या माशाला दुसऱ्या वाहकांचा आधार असतो. पण अनेक माशांची बोटभर लांबीची पिल्ले वाढतात ती खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या मुळांत, आणि सांडपाणीही वाहत येते ते त्याच तोंडाशी. लेप्याचा डोळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतो ते दिवस त्याच्या आयुष्यात एकदाच येतात.